एकास साडेतीनशे

दिवाणखान्यात पाऊण मीटर लांबीची युद्धनौका ठेवली, की येणाऱ्या माणसाचे तीन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "ही टायटॅनिक का हो?" दुसरा, "पाण्यात चालते का?" आणि तिसरा, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून, "केवढ्याला पडली?" पाहुणा मुंबईचा असेल तर टायटॅनिकच्या जागी विक्रांत येते. त्यात त्याचा दोष नाही. पोरांचा हात धरून, रांगेत ताटकळून त्याने आतून पाहिलेली एकमेव युद्धनौका विक्रांत. राखाडी रंगाचं लांबट काही दिसलं की त्याला तीच आठवणार. विक्रांतच्या पाठीवर विमानांसाठी सपाट धावपट्टी होती आणि हिच्या पाठीवर नऊ तोफा आ वासून बसल्या आहेत, हा फरक मी हल्ली समजावत बसत नाही.

"ही यामातो. जपानची," एवढंच सांगतो.

"जपानी आहे होय!" पाहुण्याचा चेहरा खुलतो. "मग टिकेल."

टिकण्याबद्दलचा तपशील मी चहा येईपर्यंत पुढे ढकलतो.

यामातो आणि तिची बहीण मुसाशी या आजवर बांधल्या गेलेल्या सगळ्यांत अवजड बॅटलशिप, म्हणजे तोफांच्या युद्धनौका. लांबी 263 मीटर, पूर्ण भरल्यावर वजन 72 हजार टनांच्या आसपास, तोफांचं तोंड 46 सेंटीमीटर. एकेक गोळा जवळपास दीड टनाचा आणि तो 42 किलोमीटरवर जाऊन पडायचा. म्हणजे ठाण्याच्या खाडीत नांगर टाकून कुलाब्यावर मारा करता आला असता आणि वर थोडे किलोमीटर शिल्लक राहिले असते. माझी यामातो एकास साडेतीनशे प्रमाणातली, म्हणून ती 75 सेंटीमीटरमध्ये आटोपते. वजन मात्र घनाच्या हिशेबाने उतरतं. ते 72 हजार टन या प्रमाणात पावणेदोन किलोही भरत नाहीत.

ही खोकी येतात शिझुओकाहून. जपानमधली बहुतेक प्लास्टिक मॉडेलं या एका भागात तयार होतात. तामिया तिथलीच. 1946 साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झालेल्या या कंपनीने 1960 साली पहिलं प्लास्टिकचं मॉडेल काढलं ते यामातोचंच, एकास आठशेचं. स्पर्धकाने तीच नौका स्वस्तात बाजारात आणली आणि यामातो पुन्हा एकदा बुडाली. मग तामियाने रणगाडा काढला, तो धो धो खपला आणि त्याचं एकास पस्तीस हे प्रमाण जगभरच्या रणगाडेवाल्यांनी वेदवाक्य मानलं. ते प्रमाण आलं कुठून? तर पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, यावरून. ही हकिगत मी रणगाडेवाल्यांना आवर्जून सांगतो.

आता तिसरा प्रश्न, केवढ्याला पडली. जपानी विक्रेते फार प्रामाणिक. पार्सलवरच्या कागदावर ते सरळ "बॅटलशिप, नग एक" असं लिहून मोकळे होतात. मग इकडून फोन येतो.

"साहेब, यात बॅटलशिप आहे?"

"हो."

"एकच?"

"प्लास्टिकची आहे हो ती."

"मग खेळणं म्हणा की!"

उभी हयात नोकरीत घालवलेल्या माणसाला हे वाक्य लागतं. पण "खेळणं नव्हे, स्केल मॉडेल" असं बाणेदारपणे सुनावून काही पदरात पडत नाही. सीमाशुल्काच्या पुस्तकात बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि स्केल मॉडेलं एकाच मथळ्याखाली गुण्यागोविंदाने नांदतात. या खेळण्यांवरचं मूळ शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 साली 70 टक्क्यांवर गेलं. मानही जातो आणि पैसेही जातात.

त्यामुळे घरात खरा आकडा सांगायची पद्धत आमच्या बिरादरीत नाही. कुणी तो स्टेशनरीत घालतो, कुणी गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये. एक डॉक्टर आहेत, ते नवीन खोकी दवाखान्यात औषधांच्या खोक्यांमागे ठेवतात आणि गणपतीत सगळे गावी गेले की एकेक घरी आणतात. याला थोर पूर्वपीठिका आहे. यामातो आणि मुसाशीचा खरा खर्च कळू नये म्हणून जपानी आरमाराने अंदाजपत्रकात काही विनाशिका आणि एक पाणबुडी दाखवली होती, ज्या कधी बांधायच्याच नव्हत्या. तिथल्या संसदेने मंजुरी दिली. आमच्याकडचं मंजुरीचं खातं इतकं भोळं नाही.

"हे रंग फवारायचं यंत्र नवीन दिसतंय, अहो."

"छे, मागचंच. पुसून ठेवलंय."

लपवाछपवी या नौकेच्या हाडीमाशी खिळलेली आहे. 1936 साली जपान लंडनच्या नौदल परिषदेतून उठून आला तेव्हा त्याने मनाशी हिशेब मांडलेला होता. अमेरिकेला आपल्या नौका पनामा कालव्यातून न्यायच्या तर त्यांची रुंदी 33 मीटरच्या आतच ठेवावी लागणार. मग आपण 39 मीटर रुंदीची नौका बांधू आणि तिच्यावर त्यांना पेलणार नाहीत अशा तोफा चढवू. फक्त हे त्यांना कळता कामा नये. नोव्हेंबर 1937 मध्ये कुरेच्या गोदीत काम सुरू झालं. तिकडे नागासाकीत मुसाशी उघड्यावर, डोंगरउताराच्या गावासमोर बांधायची होती, म्हणून तिच्याभोवती दोरांचे प्रचंड पडदे सोडले. इतके, की कोळ्यांना जाळ्यांसाठी दोर मिळेना. जलावतरणाच्या दिवशी हवाई हल्ल्याची कवायत जाहीर करून लोकांना घरात कोंडलं आणि मुसाशी पाण्यात उतरली. तिने बाजूला सारलेलं पाणी लाट होऊन समोरच्या किनाऱ्यावरच्या घरांत शिरलं. एवढ्या मोठ्या गुपिताने घरात येऊन पाय भिजवल्यावर लोकांना काय सांगितलं असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते. तोफासुद्धा कागदोपत्री 40 सेंटीमीटरच्याच होत्या. 46 हा आकडा तोंडातून काढायची सोय नव्हती.

ऑगस्ट 1945 मध्ये शरणागतीच्या सुमारास आरमाराने कागदपत्रांची होळी केली. यामातोचे बरेचसे नकाशे त्यात गेले. इतिहासकारांना याचं दुःख आहेच, पण खरा गळा काढतो तो मॉडेल करणारा. आरमाराने नौका अमेरिकेपासून लपवली, ती तिला अखेर सापडली. आम्हाला अजून सापडायची आहे. तयार होत असतानाचा एक फोटो, समुद्रातल्या चाचणीचे एकदोन, असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जपानी फोटो उरले. बाकीचे बहुतेक काढले अमेरिकन वैमानिकांनी, आणि ते लोक काही फोटो काढायच्या हेतूने आले नव्हते. रोख नौकेवर, कॅमेरा हलतोय, भोवती धुराचे गोळे. आम्ही भिंगाखाली तो फोटो धरतो आणि तक्रार करतो, की मागच्या डोलकाठीच्या बुडाशी नेमकं सावली का पडू दिली!

नौकेच्या नाकावर सोन्याचा मुलामा दिलेलं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल होतं, जपानी सम्राटाचं चिन्ह. त्याचा व्यास दीड मीटर असं वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. मॉडेलं त्यावर झाली, चित्रं झाली. मग पाण्याखाली साडेतीनशे मीटरच्या आसपास पडलेल्या सांगाड्यापाशी कॅमेरे उतरले आणि 1999 सालच्या पाहणीत फूल निघालं एक मीटरचं. माझ्या प्रमाणात हा फरक दीड मिलिमीटरचाही नाही. पण आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी पूर्ण झालेल्या नौकेचं फूल पात्याने खरवडून काढलं, नवीन लावलं, आणि नाकाला ओरखडा गेला म्हणून अख्खा पुढचा भाग पुन्हा रंगवला. आता ते शांत झोपतात असं त्यांच्या मिसेस सांगतात.

पण खरा छळवाद पितळेचा. प्लास्टिकच्या भागांवर समाधान मानणारे लोक वेगळे. ते सुखी आहेत. पुढची पायरी म्हणजे आम्लाने कोरलेले पितळेचे पत्रे, पोस्टकार्डाएवढे. त्यात रेलिंग, शिड्या, रडारच्या जाळ्या, दारांच्या कड्या, सगळं गच्च भरलेलं. शिडी काचेवर ठेवून कापायची. खाली मऊ काही असलं तर ती वाकते. कापताना तिच्यावर बोट हवं, नाहीतर ती उडते. मग दोन पात्यांत धरून काटकोनात दुमडायची, आणि ती एकदाच दुमडते. विचार बदलला तर मोडते. गोंद लावायला सुईचं नेढं वरून छाटायचं. दोन टोकांचा इवलासा काटा तयार होतो आणि त्याच्या बेचक्यात गोंदाचा एकच थेंब बसतो. तो थेंब कोपऱ्याला टेकवला की शिडीखाली सर्रकन ओढला जातो. जीवनात फार थोड्या गोष्टी इतक्या आज्ञाधारक असतात. हे सगळं पंखा बंद करून. ठाण्यात. मे महिन्यात. कपाळावरून ओघळून डेकवर पडलेला घामाचा थेंब प्रमाणात चांगला मीटर-सव्वा मीटर व्यासाचा असतो.

आणि एवढं करून रेलिंग उभं राहिलं की एक गणित मुळीच करायचं नसतं. पत्र्याची जाडी 0.15 मिलिमीटर, गुणिले साडेतीनशे, सव्वापाच सेंटीमीटर. म्हणजे अचूकतेसाठी डोळे फोडून आम्ही खऱ्या खलाशांना सव्वापाच सेंटीमीटर जाडीच्या गजांत कोंडतो. आमच्यात हे गणित चारचौघांत मांडणं असभ्य समजतात.

केसाचं गणित मात्र सुटतं. डोलकाठीवरच्या तारांसाठी काहीजण किटच्या प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढतात, काहीजण ताणला जाणारा धागा वापरतात. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर, म्हणजे प्रमाणात अडीच सेंटीमीटर. जाड दोराला अगदी चपखल. माझ्या डोक्यावर पुरेसा माल नसल्याने मी बायकोकडे एक लांब केस मागितला.

"कशाला?"

"जहाजाला."

तिने कंगव्यातली सगळी गुंतवळ काढून हातावर ठेवली. "घ्या. आरमार होईल."

चिमट्यातून सुटलेला भाग "टिक्" असा आवाज करतो आणि कुठल्या दिशेला गेला ते कळत नाही. परदेशातले मॉडेलवाले म्हणतात की गालिच्यात राहणारा राक्षस तो खातो. आमच्याकडे गालिचा नाही, फरशी आहे, आणि राक्षसाऐवजी केर काढणाऱ्या मावशी आहेत. मावशींनी कुंकवाची एक रिकामी डबी ठेवली आहे. केरात काहीही राखाडी किंवा चकचकीत दिसलं, की ते निवडून त्या डबीत जातं. अधूनमधून तिच्यात मोहरी निघते, एकदा टिकली निघाली, पण बाकी माल अस्सल. यामातोवर शेवटी 25 मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा दीडशेच्या आसपास होत्या, बहुतेक तीन-तीनच्या जोडणीत. त्या लावताना मावशींची डबी रोज उघडावी लागायची. एके दिवशी त्या झाडू टेकवून टेबलाशी थांबल्या.

"दादा, ह्या कडेच्याला दोनच नळ्या हायत. बाकी समद्यांना तीन हायत."

मी भिंग लावून पाहिलं. दोनच होत्या. तिसरी डबीत होती.

रंगाबद्दल मी बायकोलाही मानतो. जपानी आरमाराच्या कुरे, योकोसुका, सासेबो आणि माइझुरू अशा चार गोद्या, आणि प्रत्येकीची राखाडी छटा वेगळी. रंगवाले त्या चार वेगवेगळ्या बाटल्यांत विकतात आणि आम्ही त्या घेतो. हा आमचा वेडेपणाच आहे असं मी म्हणत असे. एकदा चारही छटांचे पट्टे पुठ्ठ्यावर रंगवून तिला विचारलं, की सगळे सारखेच दिसतात ना? जन्मभर मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस पारखलेली ती बाई. "काहीतरीच काय! हा निळ्यावर जातोय, हा हिरवट मारतोय, आणि हा दिवसा बघायला पाहिजे, ट्यूबलाइटखाली कळायचा नाही." योग्य बाटली तिनेच काढून दिली. मग मी तिला सांगितलं, की काहींच्या मते बाटलीतला रंग जशाचा तसा लावायचा नसतो. मॉडेल एक मीटरवरून बघणं म्हणजे खरी नौका साडेतीनशे मीटरवरून बघणं. मधल्या हवेमुळे रंग फिका दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मधली हवापण तुम्हीच रंगवणार?"

या तर्कावर परिसंवाद झाले आहेत. एकाही परिसंवादात हा प्रश्न इतक्या थोडक्यात मांडला गेला नाही.

बिरादरीतले लोक घरी येतात ते पाहुण्यांचे तीन प्रश्न विचारत नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असतो, "तारीख काय धरली आहे?" कारण नौका दर वर्षी बदलत गेली. डिसेंबर 1941 मध्ये ती आरमारात आली तेव्हा तिच्यावर 15.5 सेंटीमीटरच्या तोफांचे चार टरेट होते. 1944 च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंचे दोन काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. छोट्या तोफा चोवीसवरून वाढत दीडशेवर गेल्या. तेव्हा तारीख सांगावी लागते.

"सहा एप्रिल पंचेचाळीस," मी सांगतो.

"सकाळ की संध्याकाळ?"

असा प्रश्न विचारणारा माणूस घरी आला, की त्याला जेवूनच पाठवायचं असतं.

ज्या कामासाठी यामातो बांधली ते काम तिच्या वाट्याला फारसं आलंच नाही. ती आरमारात दाखल झाली 16 डिसेंबर 1941 ला. त्याआधी जेमतेम आठवडाभर, 10 डिसेंबरला, जपानच्याच विमानांनी मलायाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश नौका बुडवून मोठ्या तोफांचे दिवस संपल्याचं जाहीर केलं होतं. मग ही महामाया ट्रुक बेटांपाशी नांगर टाकून बसून राहिली. आत वातानुकूलन, जेवण उत्तम. इतर नौकांवरचे खलाशी तिला हॉटेल यामातो म्हणायचे. तिच्यावर रामुने बनवायचं यंत्र होतं. रामुने म्हणजे आपला गोटी सोडा, तीच गळ्यात गोटी अडकलेली बाटली. जगातल्या सगळ्यांत मोठ्या तोफा वाहणाऱ्या नौकेवर बाटल्या फोडल्याचा आवाज बहुधा जास्त झाला. शत्रूच्या जहाजांवर तिच्या मुख्य तोफा धडाडल्या त्या एकाच लढाईत, 25 ऑक्टोबर 1944 ला, फिलिपिन्सच्या सामार बेटाजवळ. सोड्याच्या यंत्राचा पितळी संच अजून कुणी काढलेला नाही. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून वाचलो.

एप्रिल 1945 मध्ये तिला ओकिनावाकडे पाठवलं, विमानांच्या संरक्षणाशिवाय. परत येण्याची अपेक्षा कुणाला नव्हती. सात तारखेला दुपारी अमेरिकन विमानांच्या लाटांवर लाटा आल्या आणि दोन तासांत ती उलटून फुटली. तीन हजारांहून अधिक माणसं गेली, तीनशेही वाचली नाहीत. पितळेचे, पाच मिलिमीटरचे खलाशी विकत मिळतात. पुष्कळजण ते डेकवर उभे करतात आणि नौकेला त्याने शोभा येते, हेही खरं. मी लावत नाही. तारखेचा तो प्रश्न त्यांच्याबद्दल कुणी विचारलेला मला नको असतो.

नौका पूर्ण झाली की कपाटावर जागा नाही हे लक्षात येतं, आणि लगेच पुढच्या नौकेचा विचार सुरू होतो. मुसाशी करायची सोय राहिलेली नाही. 2015 साली फिलिपिन्सजवळ सिबुयान समुद्राच्या तळाशी ती सापडली, पाण्याखालचे व्हिडिओ आले, आणि तेव्हापासून मुसाशीवाल्यांच्या डोळ्याला डोळा नाही. दर महिन्याला कुणीतरी एखादी चौकट थांबवून नवीन बोल्ट शोधून काढतो.

माझा डोळा तिसऱ्या बहिणीवर आहे. शिनानो. तिचा सांगाडा यामातोसारखाच घातला होता, पण मिडवेच्या लढाईत विमानवाहू नौका गमावल्यावर तिलाच विमानवाहू करायचं ठरलं. नोव्हेंबर 1944 मध्ये, काम पुरतं संपलेलं नसतानाच, ती पहिल्या प्रवासाला निघाली आणि बंदर सोडून एक दिवसही झाला नसताना आर्चरफिश या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडवलं. एकास सातशेमध्ये ती मिळते, आकारही कपाटाला झेपेल असा. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे हिची गुप्तता यामातोपेक्षाही कडक होती. आजवर माहीत असलेले फोटो दोन. त्यातला एक अमेरिकन विमानाने फार उंचावरून काढलेला, त्यात ती एक फिकट रेघ आहे.

सकाळ-संध्याकाळवाले गृहस्थ येतील, भिंग काढतील, वाकून बघतील आणि म्हणतील, "हे रेलिंग इथे नव्हतं." मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवेन आणि म्हणेन, "फोटो दाखवा."